चेहरा किती घोटायचा?

पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात):

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. आधी वडील चालवायचे. लग्नाचे अल्बम, बायोडाटाचे फोटो, फॉर्मला लागणारे पासपोर्ट साइज आणि तेरवीला हार घालायचे मोठे फोटो, असं काम असतं. वडील निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग करत. मी एका बटणात त्वचा गुळगुळीत करून देणारं सॉफ्टवेअर वापरतो. मध्यंतरी एका मुलीचा बायोडाटाचा फोटो काढला. तिची आई म्हणाली, "थोडी उजळ करून द्या न भाऊ." दिली करून. पाहुणे मुलगी पाहून गेले आणि मध्यस्थाजवळ बोलले, "फोटोत त वेगळीच दिसून रायली होती." आता आई माझ्यावरच चिडून आहे. त्यातच एक जण आपल्या आजीचा फोटो परत घेऊन आला. तिच्या कपाळावरचं गोंदणच गायब झालं होतं. मग मी एडिटिंग बंद करून पाहिलं, तर गिऱ्हाईक म्हणतात, "काळा आला." आणि बसस्टँडसमोरच्या स्टुडिओत जातात, तिथे दहा मिनिटांत चेहरा चकचकीत करून मिळतो. रिटचिंग सोडून देऊ, की मागेल त्याला मागेल तसं देऊ? आणि चांगलं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

उत्तर:

भाऊ,

तुमच्या पत्रात मुलीच्या आईचं म्हणणं आहे, पाहुण्यांचं आहे, मध्यस्थाचं आहे, आजीच्या नातवाचं आहे, समोरच्या स्टुडिओचं तर आहेच. ज्या मुलीचा फोटो काढला ती काय म्हणाली, ते मात्र कुठे नाही. तिला कोणी विचारलंच नसेल. सांगते आई, पैसे देते आई, आणि मुलगी ओढणी सारखी करत स्टुलावर बसून असते. पण पोह्यांच्या प्लेटा घेऊन पाहुण्यांपुढे तिलाच जायचं असतं. फोटो आणि चेहरा यांची तुलना होते ती तिच्या तोंडावर. त्या वेळी तुम्ही तिथे नसता.

म्हणून बंद करू की मागेल ते देऊ, याच्या आधी विचारायचं कोणाला ते ठरवा. ज्याचा चेहरा, त्याला विचारा. आईला बाहेर बसवायची गरज नाही, तिच्यासमोरच मुलीकडे पाहून विचारा, "ताई, काय काढू आणि काय राहू देऊ?" बहुतेक जणी एखाद्या पुटकुळीवर बोट ठेवतात, डोळ्यांखालचं थोडं कमी करा म्हणतात, आणि गालावरचा तीळ राहू द्या म्हणतात. दोन वाक्यांत काम होतं. ते बिलाच्या मागे लिहून ठेवा.

आता "काळा आला" या तक्रारीकडे येऊ. हे म्हणणाऱ्याला गोरं व्हायचं आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. काहींना असेल. गोऱ्या रंगाचं वेड आपल्याकडे नाही म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढून घेणं. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’नं नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केला, पण बायोडाटाच्या रकान्यातला ‘वर्ण’ तेवढ्यानं कुठे गेला? तरीही यातल्या बऱ्याच तक्रारी रंगाच्या नसतात, उजेडाच्या असतात. फोटो खरोखरच काळा आलेला असतो.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं दृश्य सरासरी राखाडी धरून चालतं. मागे चुन्याची पांढरी भिंत असली, अंगावर पांढरं धोतर किंवा फिकट साडी असली, की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो दाबतं, म्हणजे गडद करतं. भिंत राखाडी होते, चेहरा त्याहून खाली जातो. आधीच सावळा असलेला माणूस मग स्वतःच्या फोटोत ओळखू येत नाही. अशा वेळी एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). चेहऱ्यावर मीटर करा. सावळी त्वचा नीट एक्सपोज झाली की तिच्यात जी तकाकी दिसते, ती कुठल्याही सॉफ्टवेअरच्या गोरेपणात नसते, हे माझं स्पष्ट मत.

दुसरं कारण सावली. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी दहानंतर बाहेर फोटो काढायची सोय नाही, म्हणून आपण माणसाला पडवीत घेतो. बरोबरच आहे. पण उघड्या सावलीतला उजेड आकाशाचा असतो, निळसर असतो, आणि त्यात सावळा चेहरा राखट दिसतो. तो उजळ करत बसलात तर राखटपणाच उजळ होतो. आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग, सावलीवर आणा. शंका आली तर संगणकावर गालावरच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांचे आकडे बघा. साध्या उजेडात माणसाच्या त्वचेत लाल सगळ्यात जास्त, त्याखाली हिरवा, आणि निळा सगळ्यात कमी असतो. निळा हिरव्याच्या जवळ जाऊन बसला असेल तर दोष उजेडाचा आहे, माणसाचा नाही. मांडवात उलटं होतं. वर केशरी कापड, त्यातून दुपारचं ऊन, आणि सगळं वऱ्हाड तांबडंलाल. त्या जागेवर एक कोरा पांढरा कागद धरून एक फोटो काढून ठेवा, त्यावरून सगळ्या फोटोंचा रंग एकदम सुधारता येतो. डीजेवाल्याच्या जांभळ्या एलईडीला मात्र इलाज नाही. तिथून नवरा-नवरीला दोन पावलं बाजूला घ्यायचं, एवढंच.

तिसरं कारण तुमच्या टेबलावर आहे. मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून काम केलं तर स्क्रीनवर छान दिसणारा फोटो प्रिंटमध्ये दाबून येतो. लॅबकडून एक टेस्ट प्रिंट मागवा, ती स्क्रीनशेजारी धरा आणि मॉनिटर तिच्याएवढा खाली आणा. हे केल्यावर "काळा आला" किती कमी होतं ते बघा, आणि मग रिटचिंगचं बोलू.

यानंतरही कोणी गोरं करा म्हणालं, तर? आई म्हणते आणि मुलीला नको आहे, तर करू नका. आईला सांगा, "काकू, पाहुणे घरी आल्यावर फोटो हातात घेऊनच बसतील." एवढं पुरतं, कारण तुमच्याच गिऱ्हाइकाच्या घरी ते घडून गेलं आहे. मुलीला स्वतःलाच हवं असेल तर मी तुम्हाला नाही म्हणायला सांगणार नाही. तिच्या चेहऱ्याचं काय करायचं हे ठरवायचा हक्क तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. पण तिला दोन्ही छापून दाखवा, चार बाय सहाच्या दोन प्रिंट, शेजारी शेजारी. स्क्रीनवर दाखवू नका. मोबाइलच्या स्क्रीनवर चकचकीत तेच जिंकतं, कागदावर तसं होत नाही. आणि तुमची मर्यादा तुम्ही ठेवा: चेहरा मान, कान आणि हातांपेक्षा वेगळ्या रंगाचा होता कामा नये.

हातांचं मुद्दाम सांगतो. अल्बममध्ये नवरीची मावशी नवरीला हळद लावतानाचा फोटो असतो. ती मावशी कापूस वेचणारी आहे. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी तिच्या बोटांना बारीक बारीक ओरखडे पडलेले आहेत, नखांच्या कडा चिरलेल्या आहेत, त्यात हळद भरली आहे. सॉफ्टवेअर चेहरा ओळखतं, हात ओळखत नाही. मग चेहरा विशीतला आणि हात पन्नाशीतले, असा फोटो तयार होतो. बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. पावडरचंही तसंच आहे. चेहऱ्यावर पांढरी पावडर आणि मान कोरडी असली की फ्लॅशमध्ये चेहरा वेगळा उठून दिसतो. त्याला संगणकावर अर्धा तास घालवण्यापेक्षा फोटोच्या आधी साधा सुती रुमाल द्या, घाम आणि जास्तीची पावडर दोन्ही टिपून निघतात.

काय काढायचं आणि काय ठेवायचं, याचा एक जुना आणि कामाचा हिशोब आहे. पंधरा दिवसांनी आपोआप जाणार असेल ते काढायला हरकत नाही: पुटकुळी, डास चावल्याची खूण, उन्हानं सोललेलं नाक, ओठावर आलेलं. जे जाणार नाही ते विचारल्याशिवाय काढायचं नाही: तीळ, व्रण, कोड, सुरकुत्या, गोंदण. आजीच्या कपाळावरचं गोंदण सॉफ्टवेअरला डाग वाटलं, त्यात त्याचा दोष नाही, त्याला वऱ्हाड माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. ते गोंदण तिच्या लहानपणी कोणीतरी सुईनं टोचलं, ती रडली असेल, आणि घरातल्या प्रत्येकानं तिला त्याच कपाळानं ओळखलं. साठीच्या पुढच्या लोकांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असतात त्यांचंही असंच. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला, म्हणजे ते चेहरे आता मोजकेच उरलेत. एखाद्या काकांना नको असतील ते व्रण, तर ते सांगतील. आपण होऊन पुसू नका.

मग चेहरा प्लास्टिकचा का दिसतो? ब्लर करणारी कुठलीही युक्ती शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढते. त्वचेवरची छिद्रं म्हणजे बारीक उजेड आणि बारीक सावली. सरासरीत ती जातात. गाल सपाट होतो, पण पापण्या, भुवया, नथीचे मोती धारदारच राहतात, आणि त्या दोन्हींची तुलना डोळा लगेच करतो. तुमच्या वडिलांच्या काळात हे होत नव्हतं याचं कारण ते फार संयमी होते असं नाही (असतीलही). सुरकुती निगेटिव्हवर फिकी येते, तिच्यावर पेन्सिलीचं शिसं चढवलं की प्रिंटमध्ये ती उजळते. हे काम टोकदार पेन्सिलीनं, एकेक सुरकुती धरून, मागून उजेड देणाऱ्या काचेवर वाकून करावं लागे. अख्खा चेहरा घोटायचा म्हटला तर दिवस जाई, म्हणून जेवढं नडतं तेवढंच होई. शिवाय निगेटिव्हवर पेन्सिल टेकवली तरी फिल्मचा दाणा तसाच राहतो, पुसला जात नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते: वर थोडं चढवायचं, खालचं पुसायचं नाही.

संगणकावर तसंच करता येतं. मूळ फोटोवर हात लावू नका, वर नवा कोरा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घ्या आणि हीलिंग ब्रश ‘करंट अँड बिलो’वर ठेवा, म्हणजे तो खालच्या फोटोतूनही पोत उचलतो. हीलिंग ब्रश पोत दुसरीकडून उचलतो पण रंग आणि उजेड त्या जागेचाच ठेवतो. क्लोन स्टॅम्प तसं करत नाही, जसंच्या तसं चिकटवतो, म्हणून गालावर तो जपून वापरा. ब्रश डागापेक्षा थोडाच मोठा ठेवा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं वेगळ्या लेयरवर पूर्ण काढा आणि मग त्या लेयरची ओपॅसिटी, म्हणजे तो किती दाट दिसतो ते, निम्म्याच्या आसपास आणा. पूर्ण गेलेली वर्तुळं नको, माणूस झोपून उठलेला दिसला म्हणजे झालं. रंग कुठे गडद कुठे फिका झाला असेल, म्हणजे शेतात राबणाऱ्याच्या कपाळावर टोपीची रेघ असते तसा, तर सॉफ्ट लाइट मोडमधल्या पन्नास टक्के राखाडी लेयरवर दोन ते पाच टक्के फ्लोनं, म्हणजे अगदी हलक्या ब्रशनं, डॉज आणि बर्न करा: गडद जागा उजळा, फिकी जागा गडद करा. हात दुखतो, पण पोत शाबूत राहतो. फ्रिक्वेन्सी सेपरेशनचे, म्हणजे पोत आणि रंग वेगवेगळ्या लेयरवर काढून काम करण्याचे, व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पद्धत वाईट नाही, पण शिकलेला माणूस ती चारशे फोटोंवर लावत सुटतो, आणि मग अख्खं वऱ्हाड एकाच साच्यातलं निघतं. नवरीच्या चार-पाच मोठ्या फोटोंसाठी ठेवा ती.

तुमचं बटणवालं सॉफ्टवेअर फेकून द्या असंही मी म्हणत नाही. सीझनमध्ये एका दिवशी दोन लग्नं असली तर हातानं किती करणार? फोटोच्या कॉपीवर लावा, त्या लेयरची ओपॅसिटी वीस-पंचवीस टक्क्यांवर आणा, आणि मास्कनं, म्हणजे परिणाम हवा तिथून झाकून, डोळे, ओठ, केस, नाकाच्या कडा, दागिने आणि गोंदण मोकळं करा. एवढ्यानं त्याचं नुकसान करण्याचं बळ बरंच कमी होतं.

आणि झूम कमी करा. ही सवय सगळ्यात जास्त घात करते. तीनशे टक्क्यांवर कोणाचाही गाल पहिल्या पावसानंतरच्या गावरस्त्यासारखा दिसतो, मग हात थांबतच नाही. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० पिक्सेल देतो. चार बाय सहाची प्रिंट ३०० डीपीआयला १८०० बाय १२०० मागते. म्हणजे छापताना साधारण अकरा पिक्सेलचा मिळून एक होतो, आणि जी छिद्रं तुम्ही घासत बसला होतात ती तशीही दिसणार नव्हती. बारा बाय छत्तीसच्या अल्बममध्ये ग्रुप फोटोतला चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा येतो, त्याला काहीच करू नका. नवरीचा पानभर क्लोजअप असेल तिथे बसा निवांत. काम संपल्यावर चहा घेऊन या, मग लेयर बंद-चालू करून बघा. फरक दिसला पाहिजे, धक्का बसता कामा नये.

पासपोर्ट आणि फॉर्मच्या फोटोंबद्दल एकच: तिथे त्वचेला हात लावायचा नाही. पासपोर्टसाठी तर फोटो बदललेला चालतच नाही. मोबाइलवर काढून आणलेल्या फोटोत ब्युटी मोड आधीच लागलेला असतो, गेलेला पोत परत आणता येत नाही, म्हणून शक्यतो तुम्हीच काढा.

तेरवीच्या फोटोंबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पत्रात उल्लेख आहे आणि मला तेच काम सगळ्यात नाजूक वाटतं. घरात म्हाताऱ्याचा धड फोटो नसतो. आधार कार्डावरचा नाहीतर कोण्या लग्नाच्या ग्रुपमधला कोपऱ्यातला चेहरा घेऊन मुलगा येतो, आणि त्याला परवापर्यंत मोठा फोटो हवा असतो. आजकाल अशा वेळी एआयचं अ‍ॅप लावतात. ते अंधुक चेहरा धारदार करत नाही, नसलेले तपशील मनानं भरतं: डोळे कोणाचे तरी, दात कोणाचे तरी. लांबून छान दिसतो, आणि म्हातारी जवळ जाऊन बघते तेव्हा गप्प होते. घरच्यांना आधी विचारा, दुसरा फोटो आहे का, कोणाच्या मोबाइलमध्ये, जावयाकडे, बचत गटाच्या फोटोत. मिळाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर त्यातले तपशील आणखी जातात. नाहीच मिळाला तर फोटो लहान आकारात छापा आणि भोवती रुंद माउंट द्या. आठ बाय दहाच्या फ्रेममध्ये चार बाय पाचचा खरा चेहरा पुष्कळ बरा. हे घरच्यांना आधीच दाखवा, त्या दिवशी नको.

धंद्याचं बोलायचं तर रिटचिंगचे वेगळे पैसे लावू नका. वेगळे पन्नास रुपये घेतले की गिऱ्हाईक त्या पन्नास रुपयांचा फरक शोधतो, आणि फरक दिसावा म्हणून तुम्ही जास्त करता. फोटोच्या दरातच ते धरा. काउंटरच्या मागे चकचकीत चेहऱ्यांचे नमुने लावले असतील तर काढा, गिऱ्हाईक तेच बघून मागतो. तिथे आपल्या भागातले चेहरे लावा, त्यांची परवानगी घेऊन. सावळे, नीट उजेडात काढलेले, एखादी गोंदणवाली आजी. समोरचा स्टुडिओ काही दिवस तुमचं गिऱ्हाईक नेईल, हे खरं आहे, आणि लग्नसराईत ते सोसायला कठीण जाईल. बायोडाटावाले लवकर परत येतील, कारण "फोटोत त वेगळीच" हे ऐकायची पाळी त्यांच्यावरच येते. फॉर्मवाले कदाचित येणारच नाहीत, त्यांना दहा मिनिटांत फोटो हवा असतो.

त्या मुलीचा फोटो मात्र फुकट परत काढून द्या. आई चिडलेली असली तरी येईल.

सॉफ्टवेअर नवं घेऊ नका. आहे त्यात लेयर, मास्क आणि हीलिंग ब्रश असला की पुरे. नसेल तर जिम्प फुकट मिळतं, त्यात हे सगळं आहे. पैसे घालायचेच असतील तर आधी मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाइटवर चढवायची पांढऱ्या कापडाची पेटी, घ्या. उजेडाचा उगम मोठा आणि चेहऱ्याच्या जवळ असला की सावली मऊ पडते, पुटकुळीची निम्मी उंची तिथेच कमी दिसते, आणि संगणकावरचं निम्मं काम उरत नाही. छत्री लाइट लांब उभा करून काढत असाल तर तोही आज एक हात पुढे ओढून बघा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पत्रा उभा करा. त्यानंतर वाटलंच, तर साधा पेन टॅबलेट. माऊसनं डॉज-बर्न करणं म्हणजे मनगटाशी वैर.